सांधे मोकळे केल्यावर हात खरंच फास्ट होतो का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फिजिओ आहे, कुडाळ-मालवण पट्ट्यात काम करते. मे महिन्यात टेनिस बॉलच्या टुर्नामेंट आणि गणपतीच्या आधी भजनवाल्यांच्या तालमी सुरू झाल्या की व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून फिरून तेच प्रश्न येतात, "ताई मनगट मोकळं करून दिलंत तर हात फास्ट होईल ना?" म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलंय. सुरुवातीचे प्रश्न सोपे आहेत, अडचणीचे पुढे आहेत, आणि जिथे उत्तर आधी येऊन गेलंय तिथे त्या प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. सांधे मोकळे करणं म्हणजे नेमकं काय? मालिश आणि हे एकच का?

नाही. मालिश होते कातडी आणि स्नायूंची, आणि आम्ही जे करतो त्यात सांध्याची एक बाजू धरून ठेवतो आणि दुसरी बाजू हाताने हळूहळू सरकवतो किंवा किंचित ओढतो. नुसत्या मनगटातच आठ छोटी हाडं असतात, ती एकमेकांवर सरकली नाहीत तर मनगट पूर्ण वाकत नाही की उघडत नाही. या सरकवण्याला मोबिलायझेशन म्हणतात. मेटलंड नावाच्या ऑस्ट्रेलियन फिजिओने त्याच्या चार पायऱ्या लावून दिल्या, पहिली अगदी हलकी, चौथी सांध्याच्या टोकाशी. आणि एकदम छोटा पण वेगाचा झटका, ज्यात बऱ्याचदा कट् असा आवाज येतो, त्याला मॅनिप्युलेशन म्हणतात. दोन्ही वेगळी कामं आहेत आणि दोन्हींची रिस्कही वेगळी (झटक्याबद्दल प्रश्न ९ आणि १० बघा).

२. रिअ‍ॅक्शन स्पीड म्हणजे काय? हात चपळ असणं म्हणजे तेच ना?

इथेच सगळा घोळ होतो म्हणून जरा सविस्तर सांगते. समजा स्लिपमध्ये उभे आहात आणि बॅटची कड लागली. डोळ्याने बॉल बघितला, मेंदूला कळलं, मेंदूने हाताला ऑर्डर सोडली, ती मानेतून, खांद्यातून मनगटापर्यंत आली आणि हात हलायला *सुरुवात* झाली. इथपर्यंतचा वेळ म्हणजे रिअ‍ॅक्शन टाइम. त्यानंतर हात बॉलपर्यंत पोचायला जो वेळ लागतो तो मूव्हमेंट टाइम, म्हणजे हालचालीचा वेळ. आपण दोन्ही मिळून "त्याचा हात फास्ट आहे" म्हणतो. पण पहिला भाग बहुतेक सगळा डोक्यात होतो आणि दुसरा हातात होतो, आणि मी फिजिओ म्हणून हाताला हात लावते, डोक्याला नाही. खालची निम्मी उत्तरं या एका गोष्टीतून निघतात.

३. गरम तव्याला हात लागला की झटकन मागे येतो, ती पण रिअ‍ॅक्शनच ना?

ती प्रतिक्षिप्त क्रिया. तिचा निर्णय पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतच होतो, चटका बसला हे मेंदूला जाणवायच्या आधी हात मागे आलेला असतो. बॉल पकडणं, ब्रेक दाबणं यात मेंदूला ठरवायला लागतं म्हणून वेळ जास्त लागतो. या पानावर पुढे जे काही आहे ते या दुसऱ्या प्रकाराबद्दल.

४. नॉर्मल आकडा किती असतो?

तरुण निरोगी माणसाचा, काहीतरी दिसल्यावर बटण दाबायचा वेळ साधारण २०० ते २५० मिलिसेकंद असतो, म्हणजे सेकंदाचा पाव भाग किंवा थोडा कमी. आवाज ऐकून दाबायचं असेल तर ३०-४० मिलिसेकंद लवकर होतं, कारण डोळ्यातल्या प्रक्रियेलाच वेळ जास्त लागतो. धावण्याच्या शर्यतीत गोळीच्या आवाजानंतर ०.१ सेकंदाच्या आत जो हलला तो फाऊल धरतात, कारण इतक्या लवकर खरी रिअ‍ॅक्शन येत नाही, त्याने आधीच अंदाजाने पाय उचललाय असं मानतात. विशीनंतर वयाप्रमाणे हा वेळ हळूहळू वाढत जातो, त्यात आजार काही नाही.

५. मग मनगट-कोपर मोकळं केल्यावर रिअ‍ॅक्शन टाइम किती कमी होतो?

हात आधीपासून ठणठणीत असेल तर जवळजवळ काहीच नाही. मी हे काम करून पोट भरते, तरी हेच खरं आहे.

कारण असं बघा. मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो हे हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५० च्या सुमारास बेडकाच्या पायावर मोजून दाखवलं, त्याआधी लोकांना वाटायचं हे मोजताच येणार नाही. माणसाच्या हातात तो वेग सेकंदाला ५० ते ६० मीटर असतो. मानेपासून मनगटापर्यंत पाऊण मीटर धरलं तर संदेशाला फक्त १३ ते १५ मिलिसेकंद लागतात. २०० मधले १५! बाकीचा वेळ डोळा, मेंदू आणि स्नायू ताणायला लागणारा. आता मनगट कितीही छान सरकवलं तरी त्या १५ मध्ये वाचून वाचून काय वाचणार, आणि सांधा सरकवल्याने तंतूचा वेग वाढत नाही तो नाहीच.

६. पण मानेच्या मणक्यांवर केल्यावर मेंदू फास्ट होतो असं सगळीकडे वाचलंय, ते?

त्यावर खरंच प्रयोग झालेत. २००० साली छापून आलेला एक छोटा प्रयोग आहे, ३६ लोकांवर, मानेच्या वरच्या भागात झटका देऊन त्यांना पडद्यावर फिरवलेलं अक्षर सरळ आहे की आरशातलं ते ओळखायला सांगितलं होतं. ट्रीटमेंट घेतलेले लोक जास्त सुधारले, पण ज्यांना काहीच केलं नव्हतं तेही सुधारले, ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढच्या प्रश्नात लागणार आहे.

मग २०१९ मध्ये मोठा प्रयोग आला, अमेरिकन सैन्यातल्या स्पेशल फोर्सेसच्या १७५ जणांवर. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले, एका गटाला दोन आठवड्यात चार वेळा मणक्यांची ट्रीटमेंट दिली, दुसऱ्याला काही नाही. हाताच्या साध्या रिअ‍ॅक्शन टाइममध्ये दोन गटांत दखल घेण्यासारखा फरक निघाला नाही. अख्खं शरीर हलवून करायच्या एका टेस्टमध्ये मात्र ट्रीटमेंट झाल्या झाल्या थोडा फायदा दिसला. म्हणजे अगदीच शून्य असंही कुणी म्हणू नये, पण "मानेचा एक झटका आणि हात वीजेसारखा" ही जाहिरात यातून निघत नाही.

७. ताई मी स्वतः अनुभवलंय, सेशन झालं आणि पट्टीच्या टेस्टमध्ये (सोडलेली पट्टी चिमटीत पकडायची, प्रश्न ८ बघा) लगेच फास्ट झालो. मग हे खोटं कसं?

खोटं नाही, तुम्ही फास्ट झालातच, फक्त कशामुळे ते वेगळं असू शकतं. मलाही बरीच वर्षं असंच वाटायचं. एका गावच्या कबड्डी टीमची पोरं यायची, मी आधी पट्टी टाकून मोजायचे, मग मनगट आणि बोटं मोकळी करायचे, मग परत मोजायचे, आणि प्रत्येक वेळी आकडा सुधारायचा, मी खुश, पोरं खुश. एक दिवस एका पोराचं मोजलं आणि तेवढ्यात दुसरी इमर्जन्सी आली म्हणून तो बाहेर बाकावर बसून राहिला, ट्रीटमेंट झालीच नाही, आणि माझ्या लक्षात न येता मी त्याला परत मोजलं. तोही सुधारला होता, बाकीच्यांएवढाच. त्या रात्री मी माझी सगळी जुनी वही काढून बसले आणि मला कळलं की मी इतके दिवस ट्रीटमेंट मोजतच नव्हते, मी सराव मोजत होते. दुसऱ्यांदा टेस्ट दिली की माणूस सुधारतोच, कारण पट्टी कधी सुटेल याची सवय होते.

त्यात आणखी दोन गोष्टी मिसळतात. कुणी अर्धा तास प्रेमाने हात धरून काम केलं की हात हलका वाटतो, ते *वाटणं* खरं असतं पण तो वेग नाही. आणि हात आधी दुखत असेल तर मग मात्र खरा फायदा होऊ शकतो, त्यासाठी प्रश्न ११.

८. घरी नीट कसं मोजायचं? मोबाईल अ‍ॅप चालेल का?

अ‍ॅपने स्वतःची स्वतःशी तुलना करायची असेल तर चालेल, पण आकडा खरा धरू नका. साधा स्क्रीन सेकंदाला ६० वेळा बदलतो म्हणजे तिथेच १६-१७ मिलिसेकंद इकडेतिकडे, वर टच ओळखायला लागणारा वेळ, आणि प्रत्येक फोनचा वेगळा. शेजाऱ्याच्या फोनवरच्या आकड्याशी तुलना तर बिलकुल नको.

शाळेतली ३० सेंटीमीटरची पट्टी बरी. कोपर टेबलावर टेकवा, अंगठा आणि पहिलं बोट पट्टीच्या शून्याजवळ थोडं उघडं ठेवा, समोरच्याने न सांगता पट्टी सोडायची, कधी एका सेकंदाने कधी तीन सेकंदाने, आणि तुम्ही चिमटीत पकडायची. १० सेंटीमीटरला पकडली म्हणजे साधारण १४३ मिलिसेकंद, १५ ला १७५, २० ला २०२, २५ ला २२६, ३० ला २४७. सुरुवातीचे पाच सराव म्हणून सोडून द्या, पुढचे दहा लिहून काढा आणि सगळ्यात चांगला न घेता मधला आकडा घ्या. १० च्या आत आली तर बहुतेक अंदाजाने पकडलीय.

आणि ट्रीटमेंटचा फरक बघायचा असेल तर एक दिवस ट्रीटमेंट घेऊन मोजा आणि एक दिवस तेवढाच वेळ नुसतं बसून मोजा. मी आता सगळ्यांना हेच करायला लावते.

९. कट् आवाज आला म्हणजे हाड जागेवर बसलं का? बोटं मोडल्याने संधिवात होतो का?

हाड जागेवरून सुटलेलंच नसतं. सांध्यात वंगणासारखं पाणी असतं, सांधा पटकन ताणला की त्यात वायूची पोकळी तयार होते. आवाज ही पोकळी तयार होताना येतो की फुटताना यावर वाद होता, १९७१ च्या अभ्यासात फुटताना म्हटलं होतं आणि २०१५ मध्ये एमआरआयमध्ये बोट ओढताना बघितलं तेव्हा तयार होताना दिसला. म्हणूनच एकदा वाजलेलं बोट साधारण वीस मिनिटं परत वाजत नाही. आवाज आला नाही म्हणजे ट्रीटमेंट फुकट गेली असं अजिबात नाही.

संधिवाताचं म्हणाल तर डोनाल्ड अंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरने साठेक वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजव्याची नाही, आणि दोन्ही हातांत फरक पडला नाही. एका माणसावरून सगळं सिद्ध होत नाही पण घाबरायचं कारण नाही हे नक्की. दुखत असताना मात्र मोडू नका.

१०. केस कापून झाल्यावर मानेला झटका देतात, त्याने हात मोकळा वाटतो. चालेल ना?

नको. कृपा करून नको. मानेच्या मणक्यातून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या असतात, वेड्यावाकड्या झटक्याने त्यांचं आतलं अस्तर फाटू शकतं आणि मग गुठळी होऊन पॅरालिसिसचा झटका येऊ शकतो. हे क्वचित होतं, पण होतं तेव्हा फार वाईट होतं. आम्ही शिकलेली माणसंसुद्धा आधी चक्कर, बीपी, हाडांची अवस्था सगळं विचारतो आणि बऱ्याचदा झटका न देता हळू सरकवूनच काम भागवतो. प्रश्न ६ मधला फायदा बघितलात, तेवढ्यासाठी ही रिस्क घ्यायची?

११. मग कुणाला खरा फायदा होतो?

ज्याचं दुखतंय किंवा जे आखडलंय त्याला. हे उलटं बघा, मेंदू दुखणारा सांधा नीट वापरू देत नाही, स्नायूला पूर्ण जोर लावू देत नाही, आणि अर्धं लक्ष दुखण्याकडे असतं. प्लास्टर काढल्यावर मनगट लाकडासारखं झालेलं असतं, रापणीचे (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचे) दोर ओढून किंवा चिरेखाणीत काम करून कोपर धरलेलं असतं, अशा वेळी दुखणं कमी झालं आणि सांधा पूर्ण फिरायला लागला की हात बॉलपर्यंत, ब्रेकपर्यंत लवकर पोचतो. हा फायदा प्रश्न २ मधल्या दुसऱ्या भागात होतो. हात परत *त्याच्या* वेगाला येतो, त्याच्या वर जात नाही.

पखवाज आणि ढोलवाल्यांचं वेगळं सांगते कारण डबलबारीच्या (दोन भजनी बुवांच्या सामन्याच्या) आधी तेच जास्त येतात. बुवांनो, तुम्ही समेवर थाप मारता ती ऐकून मारत नाही, ऐकून मारली असती तर प्रत्येक थाप पाव सेकंद उशिरा पडली असती! तुमचा मेंदू पुढची मात्रा आधीच धरून असतो. त्यामुळे तुमच्या कामात रिअ‍ॅक्शन टाइमचा संबंध फार थोडा, पण मनगट सैल असणं फार महत्त्वाचं. तुम्ही बिनधास्त या.

१२. आमच्या आजयेक हातात कप धरूक जमणा नाय, सुटान पडता. सांधे मोकळे केल्यार हात पयल्यासारखो चलतलो काय?

आधी सांगा, मुंग्या कुठे येतात. अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट आणि रात्री झोपेतून उठून हात झटकायला लागतो, करंगळीला मात्र काही नाही, असं असेल तर मनगटातल्या बोगद्यात नस, म्हणजे मज्जातंतू, दाबली गेलेली असू शकते, कार्पल टनल म्हणतात त्याला. काजूबी फोडणाऱ्या आणि कोळंबी सोलणाऱ्या बायकांत मी हे खूप बघते. डायबेटीस आणि थायरॉइडमध्येही जास्त होतं. इथे नसेचा वेग खरोखर कमी झालेला असतो, तो मशीनवर मोजता येतो. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा लावायचा, काम बदलून बदलून करायचं, सोबत मोबिलायझेशनने काहींना आराम पडतो. पण अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा सपाट झालेला दिसला तर माझ्याकडे वेळ घालवू नका, हाडांच्या किंवा हाताच्या सर्जनकडे न्या, नस मोकळी करायचं ऑपरेशन लागू शकतं.

१३. जेटीवर बर्फात मासळी लावताना बोटं सुस्त होतात, तेव्हा सांधे मोकळे करून उपयोग?

सांध्यांचा दोष नाही. गार पडलेल्या हातात नसेचा वेग प्रत्येक अंशाला सेकंदामागे साधारण दोन मीटरने उतरतो, स्नायूही सुस्तावतात. आतून कोरडे आणि वरून रबरी असे हातमोजे घाला आणि मधेमधे हात कोमट पाण्यात धरा. सुरी हातात असते तुमच्या, म्हणून हे मनावर घ्या.

१४. पावसात जांभ्याच्या पायरीवर शेवाळावरून घसरून हातावर पडलो. एक्सरे नॉर्मल आहे, मनगट मोकळं करून द्याल का?

लगेच नाही. अंगठा वर ताणल्यावर मनगटापाशी जो खड्डा दिसतो तिथे दाबून दुखत असेल तर स्कॅफॉइड हाड मोडलेलं असू शकतं, आणि ते पहिल्या एक्सरेत बऱ्याचदा दिसत नाही. आधार लावून ठेवा, १० ते १४ दिवसांनी परत एक्सरे काढा किंवा डॉक्टर म्हणाले तर एमआरआय. या हाडाला रक्तपुरवठा कमी, ओढाताण झाली तर जुळतच नाही. "मुरगळलंय, चोळून घे" म्हणून तेल लावून ओढलेली मनगटं मी बघितलीत, तरुण पोरांचे हात कायमचे अधू झालेत.

१५. आणखी कुणी टाळायचं?

ठिसूळ हाडं, आमवात जोरात असताना, सांधा लाल-गरम-सुजलेला असताना, ताजं फ्रॅक्चर, कॅन्सर झालेला असेल तर आधी डॉक्टरला विचारून. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर झटका नाहीच, आणि गोळ्यांचं आम्हाला आधी सांगा.

१६. एसटी चालवतो, घाटात रोज. ब्रेकसाठी रिअ‍ॅक्शन वाढवायची आहे, किती सेशन लागतील?

दादा, शून्य. ताशी ६० ने गाडी सेकंदाला १६-१७ मीटर जाते, म्हणजे २० मिलिसेकंद वाचले तरी फूटभर फरक. रात्रपाळीनंतर अपुरी झोप झाली असेल तर त्याच्या कितीतरी पट जास्त वेळ जातो, आणि डुलकी लागली तर रिअ‍ॅक्शन नसतेच. खांदा किंवा मान दुखून स्टेअरिंग वळवायला त्रास होत असेल तर जरूर या, नाहीतर तो वेळ झोपेला द्या.

१७. मग खरी रिअ‍ॅक्शन सुधारायला काय करायचं?

झोप. मग ज्या खेळासाठी पाहिजे त्याच खेळाचा सराव. ताशी १०० चा बॉल बॅट्समनपर्यंत साधारण ०.६ सेकंदात येतो, चांगला बॅट्समन बॉलरच्या मनगटावरून आधीच अंदाज बांधतो, कबड्डीत पकड करणारा चढाईवाल्याच्या खांद्यावरून ओळखतो, म्हणून त्याच्यापुढे पर्यायच कमी उरतात. पर्याय वाढले की निर्णयाला वेळ जास्त लागतो हे १९५२ मध्ये हिक या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने प्रयोगाने दाखवलंय. कपभर कडक चहाने थोडा फरक पडतो. दारूने उलटा पडतो, आणि पिणाऱ्याला तो कळत नाही.

१८. कोणाकडे जावं हे कसं ओळखायचं?

फिजिओथेरपीची डिग्री बरीच वर्षं साडेचार वर्षांची असायची, त्यात सहा महिने इंटर्नशिप. महाराष्ट्रात फिजिओंची राज्य परिषद आहे, रजिस्ट्रेशन नंबर बिनधास्त विचारा, चांगला माणूस रागावत नाही. तपासल्याशिवाय दहा सेशनचं पॅकेज सांगितलं किंवा "रिफ्लेक्स डबल करून देतो" म्हटलं तर उठून या. दुखण्यासाठी तीन-चार वेळा येऊन काहीच फरक नसेल तर मलाही विचारा, बदलायचं काय ते.

१९. बाबांचा एक हात कालपासून एकदम सुस्त झालाय, दुखत नाही. सांध्याचंच असेल ना?

हा प्रश्न मला दोनदा आलाय, दोन्ही वेळा मेसेज मी काही तासांनी बघितला. एकाच बाजूचा हात अचानक सुस्त, तोंड वाकडं, बोलणं जड, यातलं एक जरी असलं तरी तो पॅरालिसिसचा झटका समजा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सुरुवातीच्या साडेचार तासांतच देता येतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो, आपल्या गावांतून स्कॅनपर्यंत पोचायलाच त्यातला किती वेळ जातो ते तुम्हाला माहितीय. त्रास कधी सुरू झाला ती वेळ लिहून ठेवा. एक दिवस उलटून गेला असला तरी घरी थांबू नका. तेल नको, शेक नको, मला मेसेज नको. आधी १०८ ला फोन.